खोडदला गेलो आणि माझं मत बदललं
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील मनोगत)

दोनच मिनिटं मिळालीत, म्हणून एकाच दिवसाचं सांगतो. २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशी नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण सर्वांना पाहायला खुली असते. अकरावीतल्या धाकटीनं हट्ट धरला, म्हणून वाशिमहून रात्रभर प्रवास करून गेलो.

डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ३० अँटेना. एकेकीचा व्यास ४५ मीटर. आपलं पटांगण झाकून जाईल! पण ताटली पत्र्याची नाही, तारेच्या जाळीची. मी म्हटलं, "यातून तर आभाळ दिसते, मंग लहरी कशा अडतात?"

उत्तर दिलं प्रदर्शनात मॉडेल घेऊन उभ्या असलेल्या एका खेड्यातल्या शाळकरी पोरीनं. "काका, लहर हातभर लांब, भोक बोटभर. लहर परतते, वारा आरपार जातो. म्हणून ताटली हलकी करता आली."

मी गप्पच झालो. बारावीनंतर पुण्याला फिजिक्स शिकायचं, असं धाकटी म्हणायची, आणि मी, "पोरीला एवढ्या लांब काहून?" परतीच्या गाडीत मीच म्हटलं, "जा बाई."

आज ती पुण्यात शिकते. फी कमी पडली तेव्हा न मागता ज्यांनी हात पुढं केला, ते समोरच बसलेत. नाव घेऊ नका म्हणतात. आपली सोसायटी म्हणजे हेच.