पहिला छेद

सर्जन, बालरोगतज्ज्ञ व पॅथॉलॉजिस्ट मित्रहो,

अध्यक्षीय भाषणात वर्षाचा आढावा घेण्याची रीत आहे. आज ती बाजूला ठेवून मी एकाच विषयावर बोलणार आहे: लहान मुलांच्या डोक्यावर, कातडीखाली होणारे सार्कोमा. आपल्यातल्या अनेकांना उभ्या आयुष्यात असा एखादाच रुग्ण भेटेल, आणि दुर्मीळ म्हणूनच तो हातून निसटेल.

डोक्यावरची गाठ आधी दिसते ती घरच्यांना, तेल लावताना किंवा जावळ काढल्यावर. कुठंतरी आपटलं असेल, असं ते म्हणतात. आपण म्हणतो, डर्मॉइड असेल. बहुतेक वेळा तसंच असतं. पण आठवड्यागणिक वाढणारी, कवटीला चिकटलेली गाठ दुखत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. सार्कोमा सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. उलट क्रेनियल फॅसायटिस तान्ह्या मुलांत भराभर वाढतो, हाड कुरतडतो, तरी तो कर्करोग नव्हे. नजरेवर निदान सोडायचं नाही, ते यासाठी.

मग घाई कुठे नडते? 'छोटीशी गाठ आहे, भूल देऊन काढून टाकू' इथे. मध्यरेषेवरच्या गाठीचा मेंदूशी संबंध असू शकतो, म्हणून सुरीआधी सोनोग्राफी, गरज पडल्यास एमआरआय. गॅलियाखालचा थर सैल असतो. तिथे रक्त सहज पसरतं आणि अर्धवट कापलेल्या गाठीच्या पेशींनाही वाट मिळते. बायोप्सीचा छेद पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या छेदात सामावला पाहिजे. मानेच्या, कानामागच्या आणि कानापुढच्या लसिकाग्रंथी चाचपल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

एवढी काळजी घ्यायची, कारण आज हातात उपचार आहेत. अमेरिकेत १९७२ साली रॅब्डोमायोसार्कोमावरचे एकत्रित अभ्यास सुरू झाले. त्याआधी चारांतलं जेमतेम एक मूल वाचायचं. केमोथेरपी, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांचा मेळ बसवत पुढच्या अडीच दशकांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास गेलं. इन्फंटाइल फायब्रोसार्कोमातला ईटीव्ही६-एनटीआरके३ हा जनुकीय दोष १९९८ मध्ये सापडला. त्यावर नेमका काम करणाऱ्या लॅरोट्रेक्टिनिबला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पण पेशीच तपासल्या नाहीत, तर कोणतं औषध द्यायचं हे ठरवणार कसं?

तालुक्याच्या ठिकाणची अडचण मी जाणतो. तपासणीचे पैसे वेगळे सांगितले की पालक 'राहू द्या' म्हणतात, आणि गाठ कचऱ्याच्या टोपलीत जाते. दोष त्यांचा नाही, आपल्या बिलाच्या रचनेचा आहे.

म्हणून या अधिवेशनापुढे मी एक ठराव मांडतो. मुलाच्या डोक्यावरून काढलेली प्रत्येक गाठ, मग ती कितीही साधी वाटो, फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजिस्टकडे जाईल. त्या तपासणीचा खर्च शस्त्रक्रियेच्या शुल्कातच धरला जाईल. आणि संशय आला, तर गाठीला हात लावण्याआधी आपण बालकर्करोग केंद्राला फोन करू. ज्यांना हा ठराव अव्यवहार्य वाटतो, त्यांनी दुपारच्या सत्रात तसं जरूर सांगावं. बाकीच्यांनी उद्याच्या ओपीडीपासून तो पाळायला लागावं.