बंद वाट आणि पुसलेली वाट



पॅरिस नगरीभोवती सुमारे ३२ किलोमीटरांचे एक लोहमार्गाचे कडे आहे. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘लहान मेखला’. निरनिराळ्या कंपन्यांची स्थानके जोडावीत व तटबंदीवरील सैन्याला रसद पोचावी, या हेतूने १८५२ साली त्यावर मालवाहतूक सुरू झाली. १८६२ पासून प्रवासीही आले. १९०० साली मेट्रो अवतरली. ती शहराच्या मध्यातून नेई. कडेने फिरणारी गाडी हळूहळू ओस पडली. १९३४ साली बहुतेक मार्गावरील प्रवासी वाहतूक थांबून तिची जागा बसने घेतली.

परंतु रूळ बहुतांशी राखले गेले. आज त्याच्या काही भागांत नागरिक झाडांच्या सावलीत फिरतात. वाट बंद करणे निराळे, पुसून टाकणे निराळे. गाडी थांबवण्याचा अधिकार आपल्या पिढीला असेल. वाट मात्र पुढच्या पिढीची ठेव आहे.