चित्राखालची ओळ



अध्यक्षपद स्वीकारताना स्वतःच्या अपात्रतेचा उच्चार करण्याचा जो शिष्टसंप्रदाय आपल्याकडे रूढ आहे, तो मी आज पाळीत नाही. कारण वन्यजीवांची छायाचित्रे काढून त्यांवरच प्रपंच चालवणाऱ्या माणसाला आपली पात्रता सासुरवाडीपासून बँकेच्या कर्जविभागापर्यंत इतक्या ठिकाणी सिद्ध करावी लागलेली असते, की त्या प्रकरणाचे दप्तर पुन्हा उघडण्याची त्याला हौस उरत नाही. संयोजकांनी ‘यशस्वी उपजीविका’ हा विषय मला नेमून दिला आहे. त्यावर माझे म्हणणे थोडके आहे, आणि ते आपणांपैकी पुष्कळांना रुचणार नाही: आपल्या पेशात अन्न मिळते ते चित्रामुळे कमी आणि चित्राभोवतीच्या लिखाणामुळे अधिक.

ताडोबाच्या मोहर्ली दरवाजाशी पहाटे उभ्या असलेल्या जिप्सींकडे एकवार पाहावे. ज्या भिंगाची किंमत दहा लाखांच्या घरात जाते, तसले भिंग मांडीवर घेऊन बसलेले डॉक्टर, कारखानदार आणि सेवानिवृत्त अधिकारी तेथे हटकून भेटतात. त्यांना चित्राचे मोल नको असते, केवळ कौतुक हवे असते, आणि ज्या बाजारात उत्तम माल फुकट मिळतो तेथे मालाच्या उत्तमपणावर संसार उभा राहत नाही. त्यांचा मला राग नाही. त्यांच्या चित्राखाली ‘वनराज, ताडोबा’ एवढेच लिहिलेले असते, यातच आपली सोय आहे. त्या ओळीत सांगण्याजोगे मात्र पुष्कळ असते. वाघ पाण्यात बहुधा पाठमोरा शिरतो. दोन वाघांच्या अंगावरील पट्टे एकसारखे नसतात आणि एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टेही जुळत नाहीत. म्हणून कोणत्या दिवशी, कोणत्या ऋतूत, कोणती कूस समोर असताना, काय करीत असलेले जनावर टिपले, ही नोंद ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडे पाठ्यपुस्तकाचा संपादक येतो, संशोधक येतो, संग्रहालयही येते. गुहेचा वा घरट्याचा ठावठिकाणा मात्र त्या नोंदवहीतच राहू द्यावा, छापू नये.

एरिक हॉस्किंग या इंग्रज पक्षी-छायाचित्रकाराचा डावा डोळा १९३७ साली घुबडाच्या नखाने गेला, ही कथा आपल्या मंडळींत मोठ्या चवीने सांगितली जाते. परंतु त्याच गृहस्थाने त्यानंतरही व्याख्याने देऊन आणि ग्रंथांना चित्रे पुरवून पक्षिचित्रणावर आयुष्य काढले, ही अधिक उपयोगाची हकीकत कोणी सांगत नाही. आपल्या देशातील मद्रासचे एम. कृष्णन यांचे उदाहरण तर मला अधिक जवळचे वाटते. संदूर संस्थानातील नोकरी १९४९ साली सुटल्यावर ते लेखणी आणि कॅमेरा यांच्या भरवशावर राहिले. ‘स्टेट्समन’मधील त्यांचे ‘कंट्री नोटबुक’ हे सदर १९५० पासून १९९६ साली त्यांचा अंत होईपर्यंत चालले. ठिकठिकाणचे भाग जुळवून सिद्ध केलेल्या आपल्या कॅमेऱ्याला ते विनोदाने ‘सुपर पॉन्डेरोसा’ म्हणत, आणि रंगीत फितीचा सुकाळ झाल्यावरही त्यांनी कृष्णधवलाची कास सोडली नाही. त्या यंत्राची आज कोणी कीव करील. परंतु चित्रातील हत्ती काय करीत आहे आणि ते का करीत आहे, हे सांगण्याची त्यांची ताकद कोणत्या दुकानात मिळते, ते मला दाखवावे.

लिखाणाचा दुसरा प्रकार आपल्याला याहून नावडता आहे, आणि तो म्हणजे करारनामा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे एखाद्याने मोबदला देऊन तुमच्याकडून छायाचित्र काढवून घेतले, तर उलट करार नसल्यास त्या चित्राचा पहिला मालक तो ठरतो, तुम्ही नव्हे. याउलट स्वतःच्या खर्चाने व स्वतःच्या मर्जीने काढलेल्या चित्राची मालकी तुमची, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती तुमच्या हयातीनंतरही साठ वर्षे तुमच्या वारसांकडे राहते. हक्क दुसऱ्याच्या नावे करून देणे लेखी असल्यावाचून ग्राह्य नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच मानला जातो. कायद्याने एवढी तरतूद केलेली असताना, दिनदर्शिका काढणाऱ्या एका संस्थेने पुढे केलेल्या कागदावर ‘सर्व हक्क, सर्व काळ, सर्व माध्यमे’ हे शब्द न वाचता सही करणारा एक तरुण मला ठाऊक आहे. चित्र विकू नये; त्याच्या वापराची परवानगी मुदत घालून द्यावी. आणि ‘मोबदला नाही, पण नाव छापू’ असे सांगणाऱ्या संपादकाला नम्रपणे कळवावे, की चित्रकर्ता म्हणवून घेण्याचा हक्क कायद्याने दिलेलाच आहे. तो मेहनतान्याच्या खात्यात धरता येणार नाही.

आता पुन्हा चित्राखालच्या ओळीकडे येतो, आणि त्यासाठी भिगवणकडे वळतो. उजनीच्या जलाशयाकाठी कुंभारगाव-डिकसळच्या बाजूस मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील कित्येक जण हिवाळ्यात छायाचित्रकारांना नावेतून रोहित पक्ष्यांजवळ नेतात. रोहित चोच उलटी करून उथळ चिखलात चरतो आणि उडण्यापूर्वी त्याला पाण्यावर काही पावले धावावे लागते. साऱ्या माना एकदम वर झाल्या आणि थवा एका दिशेला चालू लागला, की नाव फार पुढे आली, हे जाणता नावाडी ओळखतो आणि वल्हे थांबवतो. अशा वेळी मागे बसलेला पाहुणा त्याच्या हातात शंभराची नोट अधिक ठेवून म्हणतो, “दादा, जरा उडवा की!” मग पंखांचा तो गुलाबी-काळा पिसारा टिपला जातो, पक्ष्यांचे चरणे बुडते, आणि चित्राखाली ‘मुक्त उड्डाण’ असे लिहिले जाते. ‘नाव अंगावर घालून उडवलेला थवा’ असे त्याखाली कोणी लिहील काय? जे चित्र कसे मिळाले ते त्याच्याखाली लिहिता येत नाही, ते घेऊ नये, एवढीच कसोटी मी माझ्या विद्यार्थ्यांना देतो. लंडनच्या जगप्रसिद्ध वन्यजीव-छायाचित्रण स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला पहिले पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच जानेवारीत ते रद्द झाले. चित्रकाराने आरोप नाकारला, तरी तो लांडगा माणसाळवलेला असावा, अशी परीक्षकांची खात्री झाली होती. चित्र तेच होते. खाली जे अभिप्रेत होते, ते टिकले नाही.

या अधिवेशनापुढे मी दोन ठराव ठेवीत आहे. पहिला, वापराच्या परवानगीचा एक नमुना-करारनामा मराठीत तयार करून सर्व सभासदांस द्यावा. आणि दुसरा, प्रत्येक प्रकाशित चित्राखाली, वाटाड्या, वाहनचालक किंवा नावाडी यांची संमती असल्यास, त्यांचे नाव चित्रकाराच्या नावाशेजारी त्याच आकाराच्या टंकात छापण्याचा आग्रह आपण धरावा. दुसऱ्या ठरावाला विरोध होणार, याची कुणकुण कालच कानी आली आहे. दोन्ही मसुद्यांच्या प्रती नोंदणीच्या मेजावर आहेत. भोजनोत्तर बैठकीपूर्वी ज्यांना हरकत घ्यावयाची असेल, त्यांनी ती लेखी द्यावी, ही विनंती.