हिऱ्यातला नाद आणि आपले शब्द



सुरतेत हिऱ्याविषयी बोलणे म्हणजे पंढरपुरात विठ्ठलाची ओळख करून देणे होय. पण घंटीवर पैलू पाडणाऱ्या कारागिरालाही ऐकू येत नाही असा एक नाद हिऱ्यात घुमवता येतो. श्राव्यातीत ध्वनी त्यातून सेकंदाला सुमारे 18 हजार मीटर, म्हणजे हवेतील आवाजाच्या पन्नासपट वेगाने धावतो. सूरी भगवंतम् आणि भीमसेनाचार यांनी याच ध्वनीने हिऱ्याची स्थितिस्थापकता मोजून 1946 मध्ये प्रसिद्ध केली.

निळ्या हिऱ्याचा रंग बहुधा बोरॉनच्या लेशामुळे येतो आणि तोच लेश त्याला अर्धसंवाहक करतो. अशा मिसळीला आपल्याकडे 'अपमिश्रण' म्हणतात. ऐकणाऱ्याला भेसळ आठवते! वैद्य चूर्णाला रसाची भावना देतात, ते या क्रियेच्या अधिक जवळचे आहे.

मेसन आणि बेटमन यांनी 1964 मध्ये अशीच मिसळ केलेल्या जर्मेनियम आणि सिलिकॉन स्फटिकांत हा ध्वनी सोडल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जर्मेनियममधील इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या चार दऱ्यांत वाटलेले असतात. ध्वनिलहरीच्या ताणाने एखादी दरी उंचावते, दुसरी खचते; इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जाऊ लागतात, पण त्यांना थोडा वेळ लागतो. तापीच्या मुखाशी अरुंद पाटाने जोडलेले एखादे तळे कल्पावे. भरती अगदी सावकाश आली, तर तळे तिच्याबरोबर भरते. फार झपाट्याने आली-गेली, तर तळ्याला पत्ताही लागत नाही. मधल्या गतीला मात्र पाटातून पाण्याची ओढाताण होते आणि शक्ती खर्ची पडते. स्फटिकातही लहरीची गती आणि इलेक्ट्रॉनांचा विलंब यांचा मेळ बसतो तेथे ध्वनी सर्वाधिक शोषला जातो. तेवढ्यावरून डोळ्यांना न दिसणारा तो विलंब मोजता येतो.

या प्रक्रियेला 'शिथिलन' म्हणतात. मी मराठीचा अध्यापक, पदार्थविज्ञानात मला अधिकार नाही. पण येथे कोणी सैल पडत नाही, विसावतही नाही. ढळलेला तोल पुन्हा सावरला जातो. मग 'सावरण' का म्हणू नये? येथील मराठी मुलांना परक्या मुलखात राहून ही भाषा शास्त्रासाठीही वापरायची असेल, तर शब्द अंगचाच हवा. सभेत विज्ञानाचे प्राध्यापक बसले आहेत. त्यांनी हा शब्द कसास लावून पाहावा आणि खोटा ठरल्यास निःसंकोच टाकून द्यावा.