मुलांच्या नोंदी कोणाच्या वखारीत?
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला, मराठी व इतिहास शिकवणारा शिक्षक. संगणकाच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. तरी उभा राहिलो, कारण यात चूक माझीही आहे.

गिरगावात खोताच्या वाडीत एका जुन्या लाकडी घराच्या माडीवर मी रविवारी दहावीच्या काही मुलांना शिकवतो. गेल्या वर्षी त्यांतील एका मुलीच्या आईने मला जिन्यातच गाठले. "सर, तुम्ही सांगितलंत म्हणून ते अभ्यासाचं ॲप घेतलं. आता त्यांच्या माणसाचा फोन आला. म्हणतो, तुमची मुलगी वर्गसमीकरणांत अडकली आहे, रात्री अकरानंतर तोच धडा चार-चार वेळा बघते, पुढचा कोर्स घ्या. जे मला ठाऊक नाही ते त्याला कसं कळलं?" घाबरून बाईंनी हप्त्याने कोर्स घेतलाही होता. मुलीने मात्र त्या दिवसापासून ॲप उघडणे सोडले.

कंपनीचे नाव घेत नाही. बाईंच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून याच व्यवसायातल्या एका माजी विद्यार्थ्याला विचारले. त्याने समजावले ते आपणांस सांगतो.

मूल धडा उघडते, थांबवते, मागे नेते, उत्तर चुकते. दरवेळी एक नोंद होते. तिला ते लोक 'इव्हेंट' म्हणतात. तीत वेळ असते, फोनचा प्रकार असतो आणि मुलाचा एक क्रमांक असतो. नाव पुष्कळदा नसतेच. या नोंदी बहुधा एका वेगळ्या कंपनीच्या हिशेबयंत्रणेत जातात, आणि कोणता धडा मुलांना जड जातो, कुठे ती कंटाळतात, हे तिथे निघते. इथवर मला काही गैर दिसत नाही. माझ्या वर्गात कोणाची गाडी कुठे अडली हे असे आयते कळले तर मला हवेच आहे.

पुढे याच नोंदी दर तासाला किंवा रोज रात्री 'क्लाउड डेटा वेअरहाउस'मध्ये धाडल्या जातात. आपण वखार म्हणू. ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, स्नोफ्लेक या कंपन्या अशा वखारी भाड्याने देतात. नाव ढगाचे असले तरी यंत्रे जमिनीवरच असतात. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईतच अशी केंद्रे सुरू केली. वखारीत फीचा हिशेब, पालकांचे फोन नंबर, विक्रीखात्याची वही आधीच येऊन पडलेली असते. तेथे क्रमांकाला क्रमांक जुळला की बिननावाच्या नोंदीला नाव आणि फोन चिकटतो. बाईंना फोन आला तो असाच आला असावा. शिवाय आता माल हलवावाही लागत नाही. एका कंपनीने दुसरीला वाचण्याची मुभा द्यायची. माल जागेवर, किल्ली दुसऱ्याच्या हाती.

आपल्याकडे राज्य वखार महामंडळ १९५७ सालापासून आहे. शेतकरी तेथे धान्य ठेवतो, त्याला पावती मिळते, आणि त्या पावतीवर बँक कर्जही देते, कारण धान्य त्याचेच असते. आपल्या मुलांच्या नोंदींची पावती कोणाच्या खिशात आहे?

कोणी म्हणेल, वाडीत तरी काय निराळे? ओट्यावर बसलेल्या काकूंना कोण किती वाजता घरी आले सगळे ठाऊक असते. खरे आहे. (माझ्याही येण्याजाण्याचा हिशेब त्यांच्याकडे चोख आहे.) पण त्या आपल्याला दिसतात, आणि नको असेल तर आपण मान खाली घालून मागच्या बाजूने जातो.

हे केवळ खाजगी कंपन्यांपुरतेही नाही. बालभारतीच्या पुस्तकावरील क्यूआर कोड ज्या 'दीक्षा' ॲपमध्ये उघडतो, ते केंद्र सरकारचे, २०१७ सालचे. त्यातला माहितीचा एक साठा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर वर्षाहून अधिक काळ कुलपाविना पडून होता, असे जानेवारी २०२३ मध्ये उघड झाले. दहा लाखांवर शिक्षकांची नावे, फोन नंबर व ईमेल आणि जवळजवळ सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती: शाळा कोणती, अभ्यासक्रमाला नाव कधी घातले, किती पुरा केला. चोर आला की नाही हा प्रश्न पुढचा. दार उघडे होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यास पालकांची खात्रीलायक संमती हवी, मुलांच्या वागण्यावर पाळत नको, असे त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदींना पुढे अठरा महिन्यांची मुदत दिली. शाळांना शैक्षणिक कामापुरती सूटही आहे. म्हणून आम्हा शिक्षकांनाही हेच प्रश्न विचारा, संकोच करू नका.

बाईंच्या नावाने आम्ही कंपनीला ईमेल लिहिले. मुलीच्या कोणत्या नोंदी ठेवल्या, त्या आणखी कोणाला वाचता येतात, आणि खाते बंद केल्यावर वखारीतील प्रत पुसता काय? नऊ दिवसांनी उत्तर आले: खाते बंद केले आहे. वखारीविषयी एक अक्षर नव्हते. पुन्हा लिहिले आहे. दोन्ही पत्रांच्या प्रती शाळेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत; ज्यांना हव्या असतील त्यांनी नाव-पत्ता बदलून वापराव्यात. आणि ती मुलगी आता वर्गसमीकरणे वहीतच सोडवते. अडली की माडीवर येऊन विचारते. मला येत नाही, मग आम्ही शेजारच्या निवृत्त गणिताच्या सरांना हाक मारतो.