मूत्रपिंडरोपणानंतरचा पांडुरोग
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मूत्रपिंडरोपणाच्या शस्त्रक्रियेसाठी आपली ज्ञातिसंस्था यथाशक्ति द्रव्यसाहाय्य करते, ही सर्वांस भूषणावह गोष्ट होय. परंतु शस्त्रक्रिया पार पडली, रुग्ण घरी आला, पेढे वाटले, की आपले कर्तव्य संपले असा समज सर्वत्र आढळतो. हा समज किती घातक आहे, ते सांगण्याचे आम्ही आज योजिले आहे. आम्ही वैद्य नव्हे. जन्मभर शिक्षकाचा पेशा केला. तेव्हा जाणत्यांचे म्हणणे सोपे करून सांगणे, एवढाच आमचा अधिकार.

१९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावास बसविले. ते दोघे एकरूप जुळे असल्याने शरीराने ते मूत्रपिंड परके मानले नाही. आपल्या देशात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे कार्य यशस्वी झाले. मात्र दाता जुळा नसेल, तर शरीर नवे मूत्रपिंड झिडकारू पाहते. म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशा औषधांनी प्रतिकारशक्ति दाबून ठेवावी लागते. पहारेकऱ्याचे हात बांधले की पाहुणा निर्भय होतो खरा, पण चोरासही वाट मोकळी मिळते.

असाच एक चोर म्हणजे ‘पार्व्हो बी १९’ नावाचा विषाणू. १९७५ साली लंडन येथे इव्हॉन कोसार्ट या विदुषीस रक्ताचे नमुने तपासताना तो आढळला. नमुन्यांच्या ‘बी’ गटातील एकोणिसावा नमुना, म्हणून हे नाव. लहान मुलांना तो झाला तर गाल चपराक मारल्यासारखे लाल होतात आणि थोड्याच दिवसांत मूल बरे होते. पण हाडांच्या मगजात जेथे रक्तातील तांबड्या पेशी जन्मतात, नेमका तेथेच तो घाला घालतो.

शाळेचा दृष्टांत घेऊ. पहिलीचे प्रवेश एक आठवडा बंद राहिले, तर शाळेस काही जाणवत नाही. वर्षानुवर्षे बंद राहिले, तर वर्ग ओस पडतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. निरोगी माणसाचे शरीर विषाणूस लवकर आवरते, म्हणून नव्या पेशींचा खंड कोणास कळत नाही. रोपण झालेल्याच्या शरीरात मात्र तो ठाण मांडतो आणि हिमोग्लोबिन उतरतच जाते. बहुधा पहिल्या वर्षातच हा प्रसंग येतो. चेहरा पांढुरका पडतो, जिना चढताना धाप लागते. घरची मंडळी म्हणतात, ‘अशक्तपणा आहे, खजूर द्या, लोहाची गोळी द्या.’ पण पेशी घडविणारेच नष्ट झाले असता लोह पुरवून काय उपयोग?

येथे आणखी एक मेख आहे. पुष्कळ रोग रक्तातील प्रतिपिंडांवरून ओळखतात. ज्याची प्रतिकारशक्ति दाबलेली आहे, त्याच्या शरीरात ती प्रतिपिंडे तयार न होण्याचा संभव असतो. मग रोग असूनही तपासणी ‘नाही’ म्हणते. म्हणून विषाणूचाच अंश शोधणारी पीसीआर तपासणी करावी लागते. निदान झाल्यास उपाय आहे. निरोगी दात्यांच्या रक्तातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेवाटे देतात आणि प्रतिकारशक्ति दाबणारी औषधे डॉक्टर बेताने कमी करतात. रोग उलटू शकतो, म्हणून पुढेही लक्ष ठेवावे लागते.

सर्वच पांडुरोग या विषाणूने होतो असे नव्हे. लोहाची उणीव, काही औषधे, इतर विषाणू, खुद्द मूत्रपिंडाचा थकवा, अशी कारणे अनेक आहेत. निवड वैद्यांनीच करावयाची.

तेव्हा आमची तीन मागणी आहेत. रुग्णाने रक्ताची ठरलेली तपासणी चुकवू नये. कोणाच्या सांगण्यावरून औषध स्वतः बंद करू नये अथवा परस्पर रक्त चढवून घेऊ नये. वारंवार रक्त दिल्याने नव्या मूत्रपिंडाविरुद्ध प्रतिपिंडे उत्पन्न होऊ शकतात. आणि तिसरी मागणी या सभेकडे : आपला निधी शस्त्रक्रियेच्या दिवशी थांबू नये. निदान पहिल्या वर्षाच्या तपासण्या व औषधे यांसाठी त्यातील काही भाग राखून ठेवावा. इम्युनोग्लोब्युलिन महाग असते, सामान्य गृहस्थास ते झेपत नाही.

कोणा मातेने, कोणा पत्नीने आपल्या देहाचा अंश काढून दिलेला असतो. ते दान केवळ आपल्या दुर्लक्षाने वाया जाऊ नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.