छर्रा नळीला मानवला पाहिजे

राजुऱ्यात ज्यांच्या घरी नवी एअर रायफल आली आहे, त्यांनी आधी छर्रे पारखावेत. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत ज्या दहा मीटर एअर रायफलमध्ये विश्वविजेता झाला, तिथे दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

छर्रा हातात घेऊन बघा. शिशाचा, डमरूसारखा, डोकं सपाट, मागचा घेर पोकळ. घेर चेपलेला असेल तर हवा निसटते, तो बाजूला काढा. डबीवर 4.49, 4.50 असे आकडे दिसतील. तो डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. प्रत्येक नळी आतून किंचित वेगळी असते, म्हणून मित्राच्या रायफलला मानवलेली महागडी डबी तुमच्या रायफलला मानवेलच असं नाही.

म्हणून डब्या स्वतःच झाडून पाहा. कागदी निशाण्याच्या मागे भक्कम आड ठेवा. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा. डबी बदलली की पहिले काही छर्रे मोजू नका, मग एकाच ठिपक्यावर पाच झाडा. भोकं मध्यावर नसली तरी चालेल. ती एकमेकांना किती बिलगून आहेत ते पाहा. मध्य नंतर साइट फिरवून साधता येतो.

आपला मुलूख जंगलाचा, म्हणून कळकळीनं सांगते: नेम कागदावरच, पाखरांवर कधीच नाही. आणि शिसं विषारी असतं, जेवणाआधी हात साबणानं धुवा.